चाकाखालचे ठोकळे

नाना, तुमच्या फोटोसमोर लोक अजून ओरडूनच बोलतात.

दहाव्याला शेजारचे पाटील सर हात जोडून उभे राहिले आणि घसा ताणून म्हणाले, "वॉरंट ऑफिसर साहेब, तुमच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही." हार घातलेल्या काचेमागून तुम्ही नेहमीसारखे बघत होतात. काही ऐकू आलेलं नाही, पण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून मान डोलवायची, तो चेहरा. अक्काला हसू आलं. त्या सगळ्या दिवसांतलं तिचं ते एकच हसू. मग पदर तोंडाला लावून ती आत गेली.

मला तुमच्याशी कधी ओरडून बोलावं लागलं नाही. तसं मी कोणाशीच ओरडत नाही, हळूसुद्धा फारशी बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. जळगावात इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात कामापुरती. धुळ्याला तुमच्याकडे आलं की तुम्हा नवरा-बायकोची, म्हणजे तुमची आणि अक्काची अहिराणी, ती अर्धी कळायची. तीन भाषांच्या मध्ये उभं राहून मी गप्प बसायला शिकले. पाहुणे आले की आई कोपर मारायची, "अगं, बोल ना काहीतरी." एकदा तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात, "राहू दे तिले. ती रेडिओ सायलेन्सवर शे."

म्हणजे काय, असं पप्पांनी, तुमच्या धाकट्या भावाने, विचारलं. तुम्ही सांगितलंत, काही मोहिमांत विमान वायरलेसवर एक शब्द न बोलता उडतं. पप्पा म्हणाले, "म्हणजे सेट बंद."

"बंद नही," तुम्ही म्हणालात. "बठ्ठं आयकस. फक्त बोलत नही."

सगळं ऐकतं, फक्त बोलत नाही. माझ्याबद्दल इतकं नेमकं त्याआधी कोणी काही म्हटलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

तुमचं काम काय होतं, हे गल्लीत कोणालाच धड सांगता यायचं नाही. एअरफोर्समध्ये आहेत म्हटलं की लोक समजायचे, विमान चालवतात. तुम्ही हसून म्हणायचात, "मी हमाल आहे. फक्त माझं ओझं विमानात असतं." त्या अवाढव्य रशियन विमानात मागच्या बाजूने काय चढवायचं, कुठे ठेवायचं, कशाने जखडायचं आणि उतरल्यावर किती झटपट बाहेर काढायचं, हे सगळं तुमच्या अंगावर असायचं. लोडमास्टर. हा शब्द मी शाळेत मैत्रिणींना सांगितला तेव्हा त्यांना तो रेल्वेच्या मालधक्क्यावरचा वाटला. त्याही अगदीच चुकल्या नव्हत्या. चोपड्याजवळच्या आपल्या गावी आजोबा केळीचे घड गाडीत रचायचे, खाली पानं, मध्ये पानं, एकाही घडाला दुसऱ्याचा दाब लागू द्यायचा नाही. तुम्ही म्हणायचात, माझं पहिलं ट्रेनिंग तिथेच झालं. केळ्याला कळतं, कोणी कसं ठेवलंय ते.

मालदीवमधलं बंड मोडायला फौज उतरवून आल्यानंतरची ती दिवाळी मला सगळ्यांत स्पष्ट आठवते. आम्ही सगळे धुळ्याला जमलो होतो. गल्लीतली माणसं तुम्हाला घेरून बसली होती आणि तुम्ही काही सांगत नव्हतात. पेपरात आलंय तेवढंच, म्हणत होतात. मी अंगणात रांगोळीचे ठिपके काढत होते. तुम्ही उठून माझ्याकडे आलात, उकिडवे बसलात, चिमटीत रांगोळी घेतलीत आणि माझ्या ठिपक्यांशेजारी एक लांबट आकृती काढलीत. विमानाच्या पोटाची जमीन. त्यात मालाची पेटी सरकवायचे रूळ, साखळ्या अडकवायच्या कड्या, छताला लावलेल्या यारीची, माल उचलायच्या क्रेनची, जागा. मागचा भाग उघडून खाली टेकतो आणि त्याचाच उतार होतो, तोही काढलात. मग अक्काच्या स्वयंपाकघरातून फळी आणि लाटणं आणलंत. लाटण्यावर फळी आडवी ठेवून तिच्यावर काड्यापेट्या मांडल्यात. ह्या जीपा. हा लोखंडी पावशेर म्हणजे तोफ. पुढे जास्त झालं तर नाक खाली जातं, मागे जास्त झालं तर शेपूट बसते. "आता तू भर," म्हणालात.

मी भरत राहिले आणि फळी पडत राहिली. अक्का दारातून म्हणाली, "माले पोया लाटानी शेतीस. तुमनी लढाई व्हयनी का मनं लाटनं द्या."

तुम्हाला ते ऐकू गेलं नाही. तेव्हाच कान बरेच गेले होते. इंजिनांच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? यंत्र दिलं होतं, ते कानात शिट्टी मारायचं. "जन्मभर इंजिन ऐकलं, आता ही शिट्टी कोणी ऐकायची," म्हणून तुम्ही ते कपाटात ठेवून दिलंत.

फळी शेवटी सरळ राहिली, तेव्हा तुम्ही सांगितलंत की ही तर सोपी गोष्ट झाली. अवघड आहे ते वेगळंच. समुद्रापलीकडे दुसऱ्याच्या देशात उतरायचं, तर तिथे आपल्यासाठी काहीच नसणार. इंधन नसणार, म्हणून ते रबराच्या मोठ्या पिशव्यांत भरून न्यायचं. धावपट्टीचे दिवे नसले तर घडी होणारे दिवे न्यायचे. विमान चिखलात रुतेल तिथे अंथरायला भोकाभोकांचे लोखंडी पत्रे न्यायचे. वायरलेसचा कंट्रोल टॉवरसुद्धा जीपवर बसवून न्यायचा. "विमान काय, कोणीही उडवेल," तुम्ही म्हणालात. पायलटांवर तुमचा हा नेहमीचा राग. "अख्खा विमानतळ घडी घालून नेता आला पाहिजे." आणि मग एक वाक्य, जे मी पुढे प्रत्येक नव्या वर्गात, प्रत्येक मुलाखतीत, अनोळखी माणसांनी भरलेल्या प्रत्येक खोलीत शिरताना मनात म्हटलं: "आपण उतरू तिथे आपल्यासाठी कोणी साधी शिडीही लावलेली नसेल, असं धरूनच निघायचं."

तुमचा दुसरा नियम अख्ख्या घराला पाठ होता. जे पहिले लागी, ते शेवटले चढावानं. ताईच्या लग्नाला वऱ्हाडाची बस सुटायच्या बेतात होती आणि तुम्ही सगळं सामान परत खाली उतरवायला लावलंत, आठवतं? मुलाकडचे चाळीसगावला ताटकळत बसलेले. भाऊबंद चिडले. अक्का म्हणाली, "लगीन शे हाई, लढाई नही."

"लगीनमा पहिले काय लागस? हळद. ती कुठे शे?"

हळद सगळ्या गाद्यांच्या खाली होती. सगळं सामान पुन्हा रचलं गेलं आणि हळदीचा डबा अक्काच्या मांडीवर आला. चाळीसगावला बसमधून पहिली अक्का उतरली, डबा घेऊन, अशी ताठ, जणू तीच नवरी. तुम्ही तिच्यामागून उतरून ड्रायव्हरला हात हलवून सांगत होतात की इंजिन बंद करू नकोस. परक्या धावपट्टीवर विमान उतरलं की इंजिनं चालूच ठेवतात, माल खाली, विमान वर. बसच्या ड्रायव्हरला ते कोण सांगणार? तो म्हणाला, "काका, मला जेवायचंय."

चालू इंजिनांच्या त्या गर्जनेत कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही लोक हातांनी बोलता. ती भाषा तुम्ही मला शिकवलीत. मला वाटतं, सुरुवातीला तुमच्या डोक्यात शिकवायचं वगैरे काही नव्हतं. तुम्हाला ऐकू येत नव्हतं आणि मला बोलायचं नव्हतं, आपलं दोघांचं जमून गेलं. तळवा खाली करून हवेत थोपटला की हळू. मूठ वळली की थांब, आहेस तिथे. बोटं जुळवून गोल फिरवली की इंजिन सुरू. दोन्ही मुठी समोर धरून, अंगठे बाहेर काढून हात एकमेकांपासून लांब नेले की विमान घरंगळू नये म्हणून लावलेले चाकाखालचे ठोकळे काढा, आम्ही निघतोय. अंगठा वर, झालं, सगळं ठीक.

ठोकळ्यांबद्दल तुम्ही फार कडक होतात. काढले, असं नुसतं सांगायचं नाही. ज्याने काढले त्याने बाजूला येऊन ते हातात उंच धरून दाखवायचे, म्हणजे वर बसलेल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल की चाकाखाली काही राहिलेलं नाही. मग वरच्याने अंगठा दाखवायचा. तो दिसल्याशिवाय खालच्याने जागा सोडायची नाही.

पाहुण्यांनी भरलेल्या घरात आपण किती गप्पा मारल्या. कोणी कंटाळवाणं बोलायला लागलं की तुम्ही पलीकडून अंगठे बाहेर करायचात, ठोकळे काढा. मी मूठ वळायची, थांबा, अजून चहा यायचाय. आई म्हणायची, ही पोरगी नानांजवळ एकटीच काय हसते.

मोठ्या गोष्टी हातांनी बोलता यायच्या नाहीत, त्यासाठी तुमची पाटी होती. साधी शाळेची पाटी, ओलं फडकं आणि पेन्सिल. तुम्ही तोंडाने बोलायचात, मी लिहायची. माझं मराठी वाईट होतं. तुम्ही आधी ऱ्हस्वदीर्घ सुधारायचात आणि मग उत्तर द्यायचात, त्यामुळे भांडण अर्ध्यातच थंड व्हायचं. एकदा मी रागाने इंग्रजीत लिहिलं, तर तुम्ही पाटी परत दिलीत. "आपलं भांडण आहे, आपल्या भाषेत भांड." हे आता जे लिहिते आहे, नाना, ते मराठी त्या पाटीवरचं आहे.

आपलं खरं भांडण लंकेत पाठवलेल्या शांतिसेनेवरून होतं. मालदीवबद्दल तुम्हाला अभिमान होता आणि मलाही. गेलात, माल उतरवलात, काम झालं, आलात. लंकेचं तसं नव्हतं. तिथे तुम्ही पुन्हा पुन्हा गेलात. मी कॉलेजात गेले, वाचायला लागले, आणि सुट्टीत पाटीवर लिहिलं की दुसऱ्याच्या घरात इतक्या झटपट शिरता येणं, यात एवढं कौतुकाचं काय आहे?

"त्यांनी बोलावलं होतं."

मी लिहिलं, बोलावणाऱ्यांनी बोलावलं, पण ज्यांच्या गावात उतरलात त्यांना कोणी विचारलं होतं?

"मी माल चढवला, बेटा. कुठे जायचं ते दुसरे ठरवतात."

मी लिहिलं, प्रत्येक जण हेच म्हणतो. तुम्ही 'प्रत्येक'मधला र नीट केलात. तुम्ही चिडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही उठून गच्चीवरचे कपडे काढून आणलेत आणि एकेक घडी घालत बसलात. त्या घड्याही अशा की कडा कडेला लागली पाहिजे.

रिटायर होऊन तुम्ही कायमचे धुळ्याला आल्यावर मी पुन्हा विचारलं. तेव्हा भांडायचं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं. मी लिहिलं, फौज नेताना झटपट नेलीत, परत आणायला वर्षं का लागली? शिरायची एवढी यंत्रं, निघायचं एकही नाही?

तुम्ही ते वाचलंत. एकही अक्षर सुधारलं नाहीत, त्यात चुका होत्या तरी. हाताच्या तळव्यानेच पाटी पुसलीत आणि म्हणालात, "नंतर."

हिवाळ्यात तुम्हाला जळगावला आणलं, तेव्हा पोटातली गाठ बरीच पसरली होती. आमच्या घरापासून दवाखाना जवळ, म्हणून जळगाव. पप्पांनी धावपळ केली, रक्त दिलं, ओळखी काढल्या. मोठा भाऊ आहे, कमी पडायचं नाही, हे एकच त्यांच्या तोंडी. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता इथे करण्यासारखं फारसं राहिलेलं नाही, दुखणं कमी ठेवू, एवढंच. तरी तुम्हाला तिथेच ठेवायचं ठरलं. घरी नेलं तर लोक म्हणतील, सोडून दिलं. हे पप्पांनी मला सांगितलं नव्हतं. कॉरिडॉरमध्ये ते आईशी बोलले, आणि मी सगळं ऐकत असते.

त्या सकाळी मी डबा घेऊन आले तेव्हा तुमचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना बांधलेले होते. पांढऱ्या पट्ट्यांनी, कापूस घालून, दुखू नये म्हणून अगदी काळजीपूर्वक. शेजारी अक्का बसली होती. "काल्दिनथून हात फेकी राह्यनात," ती म्हणाली. "पानी मांगी राह्यनात व्हतीन म्हनीसन मी पानी दिधं, तर घेतस नही." नर्सने सांगितलं, पेशंट गोंधळलाय, हात फेकतो, सलाईन निघते.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मनगटं जखडलेली होती, पण मुठी वळता येत होत्या. तुम्ही मुठी वळल्यात. अंगठे बाहेर काढलेत. पट्टी ताणली गेली तेवढे ते लांब सरकले.

नाना, ज्याला ऐकू येत नाही आणि बोलायलाही त्राण उरलेलं नाही, त्याचे हात बांधले की त्याचं तोंड बांधलं. हे तिथे कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. ही भाषा येणारं माणूस त्या खोलीत मी एकटीच होते, आणि मी बोलत नाही म्हणून प्रसिद्ध.

डॉक्टर राउंडला आले. तरुण होते, थकलेले. सोबत पप्पा. मी म्हणाले, "त्यांचे हात सोडा."

आवाज इतका बारीक निघाला की कोणी वळलंही नाही. म्हणून मी पुन्हा म्हणाले, आणि त्या वेळी तो खोलीला ऐकू गेला. "त्यांचे हात सोडा. ते गोंधळलेले नाहीत. ते बोलतायत."

"काय बोलतायत?" डॉक्टरांनी विचारलं. थट्टा नव्हती त्यात.

"घरी न्या म्हणतायत."

पप्पा म्हणाले, "तुला काय माहीत? ताप आहे त्याला."

मी पट्ट्या सोडल्या. कोणी अडवलं नाही. तुमच्यासमोर उभी राहिले आणि हातांनी विचारलं, ठोकळे काढायचे? मग पश्चिमेकडच्या खिडकीकडे बोट केलं, धुळं. तुम्ही अंगठा वर केलात. अंगठा सरळ होता. पप्पांनी तो पाहिला. ते तिथेच अक्काशेजारी बसले आणि तुमचा तो हात त्यांनी धरून ठेवला. म्हणाले, "भाऊ, आधी सांगितलं असतं ना." मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि ते रडले.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "रस्त्यात काही होऊ शकतं. पारोळ्यापर्यंत रस्ता खराब आहे." पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, जणू ठरवायचं मीच. मी म्हणाले, "होऊ शकतं. तरी जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी युसूफभाई मॅटॅडोर घेऊन आले. ते केळीचा माल वाहतात, गाडीला अजून त्याचा वास होता. मी काय केलं सांगू? व्हरांड्याच्या फरशीवर खडूने गाडीची आकृती काढली. तुमची खाट कुठे, ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे, सलाईनची बाटली कशाला टांगायची, अक्का कुठे, पप्पा कुठे. नर्सकडून सगळं विचारून घेतलं. घरी पोचल्यावर पहिलं काय लागेल? तुमची पाठ टेकायला गादी, मग सिलिंडर, मग औषधांची पिशवी. म्हणजे कपडे, भांडी, पंखा आधी चढवायचं. मग औषधं, मग सिलिंडर. गादी आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी.

युसूफभाई म्हणाले, "बिटिया, वीस बरस से केले भर रहा हूँ. मेरे को सिखाती है?"

तुम्ही स्ट्रेचरवर होतात. त्यांचे ओठ वाचलेत की नुसता सूर ओळखलात, कोण जाणे. सिलिंडरला बांधलेल्या दोरीकडे बोट केलंत. बोटाने तिला छेडलंत, तंबोऱ्याची तार छेडावी तशी. मूठ वळलीत. थांबा. युसूफभाईंनी दोरी पुन्हा आवळली. तुम्ही परत छेडलीत. अंगठा वर. "या अल्ला," युसूफभाई म्हणाले, "मिलिटरीवाले बीमार भी हों तो छोड़ते नहीं."

एरंडोल गेलं. पुढे रस्ता उखडलेला होता. युसूफभाईंना तुम्हाला लवकर पोचवायचं होतं, ते गाडी दामटत होते. तुम्ही तळवा हवेत थोपटलात. हळू. मी पुढच्या काचेवर टकटक करून त्यांना सांगितलं. मग तुम्ही माझ्याकडे बघून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलंत, मग स्ट्रेचरच्या पट्ट्यावर, मग मागे, जळगावच्या दिशेला, आणि पुन्हा तळवा थोपटलात. हळू, हळू.

तेव्हापासून मी त्याचाच विचार करते आहे. लंकेहून परतीच्या फेऱ्यांत त्या विमानात काय असायचं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पण मजल्यामजल्यांनी स्ट्रेचर लावायची सोय असते, एवढं एकदा तुमच्या तोंडून निसटलं होतं. जाताना घाई असते. परतीचं सामान असं स्ट्रेचरवरचं असतं, ते हळूच आणावं लागतं. पाटीवरच्या माझ्या प्रश्नाचं हेच उत्तर होतं का? की तुम्ही युसूफभाईंना नुसता पुढचा खड्डा दाखवलात? मला अजून वाटतं की ते उत्तर पुरेसं नाही. आपल्याला अजून भांडायचं होतं, नाना. पाटी तुमच्या उशाशी होती आणि तुम्हाला पेन्सिल धरवत नव्हती.

धुळ्यात देवपूरला आपल्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा माणसं आधीच जमली होती. युसूफभाईंनी चावी फिरवायला हात नेला आणि तुम्ही स्ट्रेचरवरून बोटं गोल फिरवलीत. इंजिन चालू ठेव. ते हसले आणि ठेवलं त्यांनी. पहिले तुम्ही उतरलात. गादी, सिलिंडर, औषधं. चहा उकळेपर्यंत तुमची खोली तयार होती, अशी की तुम्ही कधी गेलाच नव्हतात. युसूफभाई गाडी वळवून परत निघालेसुद्धा, चहा न घेता. तुम्ही खिडकीतून गाडी जाताना पाहिलीत. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या दिवाळीनंतर, फळी सरळ राहिली त्यानंतर, पुन्हा पाहिलं नव्हतं.

घरात तुम्ही थोडेच दिवस होतात. हात मोकळे होते. अक्काने अंगणातली तुळस दिसेल अशी खाट वळवली. पप्पा तुमच्याजवळ बसून लहानपणीच्या गोष्टी सांगायचे, मोठ्याने, आणि तुम्ही मान डोलवायचात.

त्या शेवटच्या दुपारी खोलीत अक्का आणि मी, दोघीच होतो. ऊन खिडकीतून तुमच्या पायांवर आलं होतं. तुम्ही डोळे उघडलेत, मला शोधलंत, आणि मुठी वळल्यात. अंगठे बाहेर. हात लांब, जेवढे गेले तेवढे.

मी मूठ वळली. थांबा.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. पुन्हा तेच केलंत.

आता घर आलेलं होतं. याच्या पुढे न्यायला मॅटॅडोर नव्हती. अक्का पुढे झुकली. "काय सांगी राह्यनात?" तिने मला विचारलं. त्या दवाखान्यातल्या सकाळपासून ती तुमचं सगळं मलाच विचारायची, आणि मी सगळं खरं सांगायची.

मी म्हणाले, "पाणी मागतायत, अक्का."

ती लगेच उठली. इतके दिवस तिला तेच वाटत होतं आणि इतके दिवस ते नसायचं. तिने माठातलं पाणी वाटीत घेतलं, चमचा घेतला, तुमच्या डोक्याखाली हात घातला. "घ्या," ती म्हणाली, "घ्या ना हो." आणि तुम्ही घेतलंत. दोन चमचे घेतलेत. तिसरा हनुवटीवरून ओघळला, तो तिने पदराने टिपला. तुम्ही गेल्यापासून ती सगळ्यांना सांगते, मनाच हातनं पानी पिधं. मी ते तसंच राहू देणार आहे.

ती पाणी पाजत होती तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी गेले, जिथून तुम्हाला दिसेन. तुम्ही शिकवलं होतंत तसं बाजूला उभी राहिले आणि दोन्ही हात उंच धरले. त्यांत काही नव्हतं, पण धरले असे की जणू आहे. चाकाखाली काही राहिलेलं नाही, नाना. मी स्वतः काढलं.

तुमचा हात चादरीवर हलला. मध्ये अक्का होती, वाटी घेऊन, तिच्या खांद्यामुळे मला बोटं दिसली नाहीत. मी हात खाली घेतले नाहीत. अक्काने वळून पाहिलं तेव्हाही ते वरच होते.

अंगठा दिसल्याशिवाय खालच्याने जागा सोडायची नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून विचारते. माझे हात दिसले होते ना?